भरावाखालचं गवत

आमच्या घरमालकांनी स्वतःच्या वाढदिवसाच्या बॅनरवरून स्वतःचाच चेहरा विळ्याने कापून काढला होता.

बॅनर त्यांच्या मुलाने लावला होता, काल्हेरच्या नाक्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला दिसेल असा. कडेने गावातल्या तरुण मंडळींचे छोटे छोटे फोटो, मधोमध घरमालक. त्यांच्या डोळ्यांवर कॉम्प्युटरने काळा चष्मा चढवलेला, खाली ‘आमचे आधारस्तंभ’ असं सोनेरी अक्षरात. सकाळी मी भिवंडीची रिक्षा पकडायला नाक्यावर गेलो, तर चेहऱ्याच्या जागी गोल भोक आणि भोकातून मागच्या गोदामाचा निळा पत्रा दिसत होता. खालचा सदरा, सोन्याची साखळी, जोडलेले हात, सगळं जागच्या जागी. रिक्षात बसलेली माणसं हसत होती. मी त्यांच्याच घरात भाड्याने राहतो हे एकाला ठाऊक होतं. त्याने मला विचारलं, “तुमचा दादूस ठीक हाय ना, सर?” मी रस्त्याकडे बघत राहिलो.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, “काका, बॅनर कुणी फाडला?”

“मी,” ते म्हणाले. “मना लाज वाटली. एवरं मोठं थोबार, आनि तेच्याखाली काय केलंय ते लिवलेलं न्हाय.”

ही दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. मी भिवंडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो. शहरात दिवसरात्र मागांची खडखड, म्हणून काल्हेरला या आगरी कुटुंबाच्या बंगल्यात वरची खोली घेतली होती. बंगला नवा होता. पुढे संगमरवरी पायऱ्या, गेटवर दोन सिंह. घरमालक त्या पायऱ्यांनी कधी चढले नाहीत. ते मागून यायचे, मोरीपाशी पाय धुवायचे आणि स्वयंपाकघरातून आत शिरायचे. पायात बूट असले तरी ते काढून पाय धुवायचे. मुलाने घेतलेल्या मोठ्या गाडीत ते बसत नसत. बसावंच लागलं तर मागच्या सीटवर, हातरुमाल तोंडावर धरून, जणू पोलीस त्यांना कोर्टात नेताहेत. ठाण्याला जाताना खाडीवरचा कशेळीचा पूल आला की ते मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत. पूल संपल्यावर शेजारच्याला विचारत, “गेली का खारी?”

त्यांची बायको, मी तिला मावशी म्हणत असे, या सगळ्याने कावली होती. दरवर्षी ती त्यांना वज्रेश्वरीला घेऊन जाई. एकदा मीही बरोबर होतो. देवळात तिने ओटी भरली, चांगली सून मागितली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुमी काय मांगलंव?”

“माफी,” घरमालक म्हणाले.

ते हळू बोलत नसत. आसपासच्या बायका वळून बघायला लागल्या. एवढ्या गर्दीत माफी मागणारा माणूस म्हणजे काहीतरी बाईबिईचं प्रकरण असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मावशीने पदर तोंडाला लावला आणि बसस्टँडपर्यंत कुणाशी बोलली नाही. मीही दोन पावलं मागे राहून चाललो. त्यांच्याबरोबर असताना मी नेहमीच दोन पावलं मागे असायचो.

माफी कशाची, ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

खाडीच्या काठाला त्यांच्या वडिलांची जमीन होती. खाजण. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. त्या चिखलावर हिरवंगार बारीक गवत होतं. भरतीत ते पाण्याखाली उभं राही आणि पाणी उतरलं की ओल्या केसांसारखं लोळे. पुस्तकात ज्याला सागरी गवत म्हणतात तेच ते, की खाऱ्या चिखलात उगवणारं दुसरं काही, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. मी सांगलीकडचा. आमच्याकडे खेकडा ओढ्यात असतो. पण त्या गवतात चिंबोऱ्यांची पिल्लं असायची, बोटाच्या पेरापेक्षा लहान, गवताच्याच रंगाची. घरमालकांचं बालपण त्यांच्यामागे गेलं होतं. पिल्लं धरायची आणि सोडून द्यायची. खायला धरायच्या त्या मोठ्या, बिळातल्या.

मग गोदामं आली. सगळ्यांनी विकली, तशी यांनीही विकली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. विकली नसती तर त्यांनाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण भरावाच्या दिवशी गोदामवाल्या शेठने त्यांना बोलावलं, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. ओहोटी होती. डंपर मागे मागे येत गवताच्या कडेला लागले. घरमालकांनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या आणि पहिल्या डंपरने मुरूम ओतला.

“मास्तर, ती पलाली न्हाईत,” त्यांनी मला सांगितलं होतं. “मना वाटलं पलतील. पिल्लं गवतान अंग चोरून बसली. त्यांना वाटलं, दिसत न्हाय आपण. मोठ्या होत्या त्या भाईर आल्या आनि डंपरला नांग्या दाखवाया लागल्या. माझ्या नव्या बुटावरशी एक गेली. आनि मी हार घालून उबा.”

मग ते त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणाले, “भराव निंगत न्हाय, मास्तर.” हे वाक्य ते कशालाही वापरायचे. मावशीने आमटीत मीठ जास्त टाकलं तरी.

त्या दिवसापासून त्यांनी चिंबोरी खाल्ली नव्हती. आगऱ्याच्या घरात ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला पहिल्या रविवारीच कळलं. मावशीने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं, वास जिन्याने वर माझ्या खोलीत आला होता. आणि घरमालक गच्चीवर एका काळ्या प्लास्टिकच्या टाकीशेजारी बसून भाकरी आणि सुकी मिरची खात होते. टाकी अर्धी कापलेली होती. आत खाडीचं पाणी, चिखल, आणि कुठून कुठून उपटून आणलेलं ते गवत. पाणी ते मोपेडवर कॅन बांधून आणायचे.

“हिकरं या,” त्यांनी मला बोलावलं. “बघा, किती दिसतात?”

मला काहीच दिसलं नाही. त्यांनी गवतात बोट फिरवलं तेव्हा एक पान चाललं. पान नव्हतं ते. हिरवट, चपटं, पाठीवर चिखलाचे कण अडकलेले, मागच्या पायांची टोकं वल्ह्यासारखी रुंद. ते झपकन पोहून दुसऱ्या जुडग्यात शिरलं आणि पुन्हा नाहीसं झालं.

मला बरं वाटलं. एवढे दिवस मी मुलांना फॉर्मलिनच्या बरणीतला पांढरा पडलेला खेकडा दाखवत होतो. मग आम्ही बऱ्याच संध्याकाळी त्या टाकीपाशी घालवल्या. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की खालचा टीव्ही बंद व्हायचा आणि लांबून येणारा ट्रकचा आवाज तेवढा राहायचा. मी त्यांना पुस्तकातलं सांगायचो. अंगावरच्या बारीक केसांत गाळ धरून ठेवतात, म्हणजे माशांना दिसत नाहीत. ओहोटीला ओल्या गवताखाली बसतात, म्हणजे कल्ले वाळत नाहीत. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, तेव्हा गवत हाच काय तो आडोसा. यातलं काही त्यांना माहीत असायचं. काही त्यांचं स्वतःचं असायचं आणि साफ चूक असायचं. अमावास्येला चिंबोरी आंधळी होते, असं ते मला छातीठोकपणे सांगत.

एका संध्याकाळी मी सहज म्हणालो, “ही पिल्लं इथे जन्मलेली नसतात, काका. मादी अंडी पोटाखाली घेऊन समुद्राकडे जाते. पिल्लं तिकडे सुटतात, पाण्याबरोबर वाहतात. अगदी बारीक, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी. मग भरतीबरोबर खाडीत येतात आणि गवत सापडलं की उतरतात. म्हणतात की वासावरून ओळखतात.”

घरमालक भाकरी खात होते. त्यांचा हात थांबला.

“म्हंजे आता बी येत असतील?”

“कुठे?”

“माझ्या खाजनान. दरवर्साला?”

ते काय विचारताहेत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“येवरं लांबशी येतात,” ते म्हणाले, “आनि म्होरं गोदामाची भित.”

त्यांनी ताट बाजूला सारलं. आतापर्यंत त्यांची लाज एका दिवसाची होती. एक नारळ, एक डंपर, जे मेलं ते मेलं. आता ती दरवर्षीची झाली. हे माझ्यामुळे झालं, पण मी खोटं काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गवत लावायला सुरुवात केली.

गोदामाच्या भिंतीपलीकडे, खाडीच्या अंगाला, त्यांच्या जमिनीची एक पट्टी उरली होती. भरतीत बुडणारी, नुसत्या चिखलाची. शेठला ती ट्रक उभे करायला हवी होती, पण व्यवहार अजून व्हायचा होता. घरमालक ओहोटीची वेळ बघून कशेळीच्या बाजूला जायचे, गवताचे गड्डे घमेल्यात काढून आणायचे आणि त्या पट्टीत रांगेने लावायचे, भाताची लावणी करतात तसं. सत्तरीला आलेला माणूस, गावातल्या मोठ्या जमीनमालकांपैकी एक, लंगोटीवर, मांडीपर्यंत चिखलात, ओणवा. गोदामाच्या गच्चीवरून हमाल बघायचे. एकजण वरून ओरडला, “चाचा, धान कब कटेगा?” घरमालकांनी त्याच्याकडे बघून हात जोडले. हमालालाच मग कसंसं झालं असावं. तो आत गेला.

पहिल्या रांगा उधाणाच्या भरतीने वाहून नेल्या. त्यांनी पुन्हा लावल्या आणि प्रत्येक गड्ड्याला बांबूची काडी टोचली. गावात बोलणं सुरू झालं. दादूस खाडीत भात लावतो. दादूसला भूत लागलंय. मावशीने माझ्याशी अबोला धरला, कारण तिच्या मते हे सगळं माझ्या पुस्तकातून निघालं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी मुलाचं लग्न ठरत होतं.

मुलगा वाईट नव्हता. सव्वीस-सत्तावीसचा, गळ्यात जाड साखळी, बोलण्यात अर्धं हिंदी. त्याला वडिलांची लाज वाटायची. आणि वडिलांची लाज वाटते याचीही वाटत असावी, कारण तो त्यांच्याविषयी बोलताना कधी नजर वर करत नसे. मुलीकडचे लोक बघायला आले, ते नेमके पुलावरून येताना गाडी थांबवून खाडी बघत उभे राहिले. खाली लंगोटीतला म्हातारा दिसला. कुणीतरी म्हणालं, बिचारा, या वयात मजुरी करतोय. अर्ध्या तासाने बंगल्यात चहाच्या वेळी तोच म्हातारा मागच्या दाराने, कानशिलावर वाळलेला चिखल घेऊन, समोर येऊन बसला.

“हे माझे बाबा,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मला जिन्यात जेमतेम ऐकू आला.

लग्न मोडलं नाही, पण मुलीच्या वडिलांनी विचारलं, की खाडीकाठच्या त्या पट्टीचं काय करणार आहात? शेठही मागे लागला होता. सातबाऱ्यावर बाप-लेक दोघांची नावं होती. मुलाची सही तयार होती. घरमालक म्हणत, “तेवरी सोरून काय बी घ्या.”

शेवटी एक दिवस मुलाने सगळ्यांसमोर तोडगा काढला. मुलीचे वडील होते, गावातली दोन जाणती माणसं होती, मी होतो. तो म्हणाला, “बाबा, तुमी म्हणतंव पिल्लं येतील. आता किती महिने झाले? आपण सगले जाऊ. त्या गवतान एक, फकस्त एक पिल्लू मिलू दे. मी परत सहीचं नाव काढनार न्हाय. पन नाय मिललं, तर तुमी सही करा. मंजूर?”

घरमालकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनला ते तयार होत नव्हते. समोरचं माणूस त्यांना आकाराने ओळखू येई. “मंजूर,” ते म्हणाले.

दुपारची ओहोटी होती. आम्ही सगळे गोदामाच्या भिंतीला वळसा घालून पट्टीवर उतरलो. गवत धरलं होतं. मलाच आश्चर्य वाटलं. विरळ, कुठे कुठे पिवळं, पण बऱ्याच रांगा जगल्या होत्या आणि शेजारच्या रांगांमध्ये सरकू लागल्या होत्या. मुलीचे वडील आणि जाणती माणसं कडेला दगडांवर उभी राहिली. मुलाने बूट काढले, पँट दुमडली आणि तो चिखलात उतरला. घरमालक आणि मी दुसऱ्या टोकाने. घरमालक वाकून तळहात गवतावरून फिरवत होते. दिसत नव्हतंच त्यांना.

बराच वेळ काही सापडलं नाही. गोगलगायी होत्या, चिखलावर उड्या मारणारे निवटे होते. दगडावरून कुणीतरी म्हणालं, “ऊन लागतंय, दादूस.” आम्ही दोन्हीकडून जवळ येत गेलो. मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर ओणवा होता. त्याने गवताचं एक जुडगं बाजूला केलं आणि त्यातलं एक पान चाललं.

मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. हिरवं, मुगाच्या दाण्याहून थोडं मोठं. त्याचा हात आपोआप पुढे गेला, अंगठा मागून, बोटं वरून, शिकवल्यासारखा. पिल्लू मुठीत आलं. तो तसाच ओणवा राहिला. मग त्याने मान वळवून दगडावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. सासऱ्यांकडे. आणि सरळ उभा राहिला, मूठ मांडीशी.

“काय मिललं का रं?” वरून कुणीतरी विचारलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “काय न्हाय.”

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. घरमालक होते. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलाकडेही नाही. दगडांकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, “न्हाय मिललं. चला, ऊन झालंय. मी सही करतू.”

मग मुलाला म्हणाले, “हात धुवून घे पान्यान. चिखल लागलाय.” आणि पाठ फिरवली.

मुलगा पाण्याच्या कडेला गेला. बराच वेळ वाकून बसला होता. परत आला तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

जाताना मुलगा आणि बाकीचे पुढे होते, आम्ही दोघे मागे. मी घरमालकांना हळूच विचारलं, “काका, तुम्हाला दिसलं?”

“चिंबोरी न्हाय दिसली,” ते म्हणाले. “मूठ दिसली. चिंबोरी धरलेली मूठ कशी आसते ते मना सांगू नका. मीच शिकवलीय तेला, येवरासा होता तवा.”

“मग बोलला का नाही? तुम्ही जिंकला होतात.”

“पोरगा उबा होता ना सगल्यांम्होरं,” ते म्हणाले. आणि थोडं चालल्यावर, “मास्तर, तुमी बी काय पायलं न्हाय.”

सही झाली. लग्न झालं. हळदीला रात्रभर बँजो वाजला. घरमालक मांडवात एका खुर्चीवर अंगभर हळद लावून बसले होते, आणि येणारे-जाणारे त्यांच्या पाया पडत होते. पट्टीचा भराव पावसाळ्यानंतर झाला. नारळ कुणी फोडला ते मी बघायला गेलो नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्यांनी एका भरतीला खाडीत नेऊन सोडलं आणि टाकी मावशीला तुळशी लावायला दिली. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत केलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणत, “आता बघाचं काय हाय?” पुढच्या वर्षी माझी बदली कल्याणला झाली. मी निघालो तेव्हा ते मागच्या दाराशी उभे होते, आणि मी तेवढ्यासाठी मागच्या दाराने गेलो.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. दिवस होऊन गेले होते, तरी मी भेटायला गेलो. मुलाचं आता थोडं पोट सुटलं होतं, कानाजवळ पांढरं झालं होतं. चहा झाला, मावशी रडली, सुनेने तिच्या छोट्या मुलाला माझ्या पाया पडायला लावलं. मी निघालो तसा घरमालकांचा मुलगा मला सोडायला नाक्यापर्यंत चालत आला. गाडी असून चालत. ट्रक थांबून थांबून पुढे सरकत होते, धूळ उडत होती. नाक्यावर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला,

“मास्तर, एक विचारू? त्या दिवशी, त्या गवतान. तुमी पायलं होतंत ते मना म्हायीत हाय. बाबांनी पायलं होतं का?”

मी वचन दिलेलं नव्हतं. त्यांनी फक्त सांगितलं होतं.

“पाहिलं होतं,” मी म्हणालो. “पिल्लू नाही. तुझी मूठ.”

एक रिक्षा आली, आम्ही दोघांनीही हात केला नाही, ती निघून गेली. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

“मंग तवाच,” तो म्हणाला, “सगल्यांम्होरं माझ्या कानफाटान का न्हाय मारली त्यांनी?”